खोटा हिरवा

तैवानात शरद आला, शिंचू शहराचा वारा सुटला की दोन कामं ठरलेली असत. तिकडे शिन्पूच्या उतारावर कुंग मास्तरांच्या मेहुण्याकडे सोललेली पर्सिमनची फळं बांबूच्या चाळण्यांवर वाळत पडत, आणि इकडे ऑफिसात मास्तर कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरचा क्वाई-क्वाईचा पुडा बदलत. नारळाच्या चवीचे मक्याचे कुरकुरे. पुडा हिरवाच हवा आणि त्यावरची तारीख उलटलेली नको. नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’, तेव्हा तो डोक्यावर असला की मशीन शहाण्यासारखं वागतं असं तैवानातले झाडून सगळे संगणकवाले मानतात. जे मानत नाही म्हणतात, तेही कधी पुडा उचलून बाजूला ठेवायची हिंमत करत नाहीत.

त्याच बैठकीत मास्तर आणखी एक काम उरकत, आणि ते मात्र श्रद्धेचं नव्हतं.

कंपनी म्हणायला छोटी, पण तिचं सॉफ्टवेअर बसथांब्यांच्या पाट्यांपासून पाणीपुरवठ्याच्या पंपांपर्यंत कुठे कुठे जाऊन बसलेलं. त्या यंत्रांत नवं पॅकेज चढवायचं, त्याला आणखी जे लागतं ते आधी आणायचं, जुनं नीट उतरवायचं, हे सगळं करणारा प्रोग्रॅम म्हणजे त्यांचा पॅकेज मॅनेजर. तो चुकला तर एखाद्या गावाचा नळ कोरडा. म्हणून बाहेर सोडण्याआधी त्याला कसून तपासायचा, आणि तपासण्याची सगळी मांडामांड मास्तरांनी तरुणपणी साध्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनला ओळीओळीने दिलेल्या हुकमांत, एकहाती केली होती. ऑफिसात तिला भातुकली म्हणत. स्क्रिप्ट सुरू झाली की मशीनच्या एका कोपऱ्यात खोटं घर बांधायची, खोटं कोठार भरायची, आणि खऱ्या पॅकेज मॅनेजरला त्यात सोडून म्हणायची, चल, रांध आता. पॅकेजंही खोटी आणि त्यांची नावं खाण्याची. कालवांच्या ऑम्लेटला अंडं, कालवं आणि रताळ्याचं पीठ लागतं. यातलं काही आणायला विसरला की टेस्ट लाल. खेकडा आणि पर्सिमन एकत्र पोटात गेले तर माणूस जगत नाही असं काकूंचं, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं, ठाम मत. म्हणून ती दोन पॅकेजं त्याने एका घरात नांदू दिली की टेस्ट लाल. सगळं जमलं तर हिरवं. मग घर पाडायचं, झाडून घ्यायचं, जागा होती तशी करायची.

कोठारातल्या प्रत्येक पॅकेजवर सही लागते, नाहीतर कोणीही काहीही आणून ठेवेल. भातुकलीतल्या सहीची मुदत मास्तरांनी मुद्दाम एकाच वर्षाची ठेवली होती. ती नवी करायची, पुड्याबरोबर उरकायचं काम ते हेच.

“शंभर वर्षांची करून टाका ना, मास्तर,” फान साहेब दर वर्षी म्हणायचे. फान साहेब म्हणजे मॅनेजर, वयाने मास्तरांपेक्षा बरेच लहान. “एवढे लाड तर लोक जावयाचेही करत नाहीत.”

“जे आपोआप चालतं त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही,” मास्तर म्हणायचे. “वर्षातून एकदा तरी माणसाने हिच्यासमोर येऊन बसावं.”

त्या वर्षी वारा सुटला. एका सकाळी मास्तरांच्या हाताखाली शिकलेली लिआओ फांग-यू सगळ्यांच्या आधी ऑफिसात आली, तर मशीनचा पडदा वरपासून खालपर्यंत लाल. ऑम्लेट लाल, खेकडा लाल, घर पाडायची टेस्टसुद्धा लाल. पॅकेज मॅनेजर बिचारा एकच तक्रार पुन्हा पुन्हा करत होता: सहीची मुदत संपली, मी हे घेणार नाही. तिची नजर आपसूक वर गेली. पुड्याचीही तारीख उलटून गेली होती.

ती खुर्चीत बसली. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. मास्तर जेवून आल्यावर पुन्हा डबा उघडताना तिने पाहिले होते. मिटिंगमध्ये त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला तेव्हा फान साहेबांनी तिच्याकडे पाहिलं होतं, आणि नंतर जिन्यात गाठून म्हणाले होते, “मास्तरांचं काही खरं दिसत नाही. मी डोळेझाक करतोय, पण आणखी एक घोटाळा झाला तर मला वर सांगावं लागेल. मग घरीच बसवतील त्यांना.”

घरी बसवतील. मास्तरांना! फांग-यू या ऑफिसात आली तेव्हा तिला शेलमध्ये धड एक फाइल हलवता येत नव्हती. बाकीचे हसायचे, मास्तर ओरडायचे, पण ओरडून झाल्यावर खुर्ची ओढून शेजारी बसायचेही तेच. आज तिला जे काही येत होतं ते त्या खुर्चीतून आलेलं. तिने इकडेतिकडे पाहिलं. नवी सही तयार केली, कोठारातल्या सगळ्या पॅकेजांवर पुन्हा चढवली. खाली दुकानात पळत जाऊन हिरवा पुडा आणला, तारीख दोनदा बघून घेतली. जुना पुडा स्वतःच्या खणात तळाशी दडवला, का कोण जाणे, कचऱ्यात टाकायला हात धजला नाही. मग स्क्रिप्ट चालवली. एकेक ओळ हिरवी होत गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मास्तर आले ते पिशवीही न ठेवता थेट कोपऱ्यात गेले. किती तरी वेळ मशीनसमोर उभे. आधी पडदा पाहिला, मग पुडा हातात घेऊन तारीख वाचली, मग पुन्हा पडदा.

“हिरवं आहे,” ते म्हणाले.

“हो, मास्तर.”

“आ-यू,” लाडाने ते तिला अशीच हाक मारत, “हा मी बदलला?”

तिने मान वर केली नाही. “म्हणजे काय? तुम्हीच. काल निघताना.”

“आणि सही?”

“तीपण. दर वर्षीसारखी.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून तिला भरून आलं. म्हातारा माणूस एवढा हलका होताना तिने कधी पाहिला नव्हता. त्या दुपारी त्यांनी सगळ्या ऑफिसला शेंगदाणे घातलेलं तौ-हुआ, सोयाच्या दुधाचं गोड खरवसासारखं, खाऊ घातलं. फान साहेब दोन वाट्या रिचवून म्हणाले, “आज काय विशेष? मास्तरीणबाई माहेरी गेल्या की काय?” आणि सगळ्यात मोठ्याने मास्तरच हसले. फांग-यूला वाटलं, आपण आज पुण्य केलं.

मग थोड्याच दिवसांत फान साहेबांनी तिला बोलावून घेतलं. जुनं मशीन आता धापा टाकत होतं. भातुकली नव्या मशीनवर उभी करायची होती. “आणि हे बघ,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “मास्तर नसले तरी चालली पाहिजे, अशी कर.”

नव्या मशीनवर भातुकली उभी राहीना. जुन्यावर हिरवी, नव्यावर लाल. फांग-यूने दोन दिवस डोकं आपटलं, आणि मग मास्तरच खुर्ची ओढून शेजारी बसले.

“तुझं खोटं घर खऱ्या घरात डोकावतंय,” ते म्हणाले. “जुन्या मशीनवर ते माझ्या घरातल्या वस्तू वापरतं. तिथे कधीकाळी मीच काहीबाही ठेवलंय. इथे मी राहत नाही, म्हणून याला काही सापडत नाही.”

“मग तुमच्या वस्तू इकडे आणू?”

“अगं वेडे! दारं-खिडक्या बंद कर. याला बाहेरचं काही दिसता कामा नये. आपलं घर कुठलं ते याला स्क्रिप्टने सांगायचं, घड्याळात किती वाजले तेही स्क्रिप्टने सांगायचं. बाहेरून आलेले सगळे निरोप आधी पुसून टाक. कोण चालवतंय, हेसुद्धा याला कळता कामा नये. मी चालवो, तू चालव, नाहीतर तो फान चालवो.”

“फान साहेबांना शेल येतं?”

“म्हणूनच म्हणतो.”

ते दिवस फार चांगले गेले. मास्तरांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण कुठली ओळ कशासाठी लिहिली ते त्यांची बोटं बरोबर सांगत. घर पाडायच्या ओळीपाशी ते दर वेळी थांबत आणि तिला थांबवत. “पाडण्याआधी विचार, हे भातुकलीचंच घर आहे ना? नाव रिकामं आलं तर हात लावायचा नाही. नाहीतर खरंच घर पाडून बसशील.” आणि एकदा तिने वैतागून एक अडेलतट्टू टेस्ट तात्पुरती गप्प केली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

“खोटा लाल परवडला, आ-यू. उगीच आरडाओरडा होतो, माणूस उठून बघून येतो, आपल्याला चार शिव्या घालतो. खोटा हिरवा परवडत नाही. खोट्या हिरव्याने माणूस निर्धास्त होतो.”

“हो, मास्तर.”

“मशीन खोटं बोलत नाही. बोलायला लावणारे आपण.” ते कोपऱ्यातल्या पुड्याकडे बघून स्वतःशीच हसले. “मला तर भातुकलीने परवाच सांगितलं, अजून ठीक आहेस म्हणून.”

म्हणजे काय, हे फांग-यूच्या ओठांवर आलं. पण तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते नको होतं.

त्यानंतरच्या रविवारी फान साहेबांचा फोन आला. मास्तर काकूंना घेऊन शिन्पूला निघाले होते, मेहुण्याच्या पर्सिमनच्या चाळण्या उलटायला. ज्या रस्त्याने ते तीस-पस्तीस वर्षं गेले, त्याच रस्त्याच्या तोंडाशी ते उलट्या बाजूने शिरले. समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याने गाडी वळवली म्हणून दोघं वाचले. मास्तरांच्या कपाळाला टाके पडले. काकूंचा खुबा मोडला.

हॉस्पिटलात काकू पाठीवर पडून छताकडे बघत होत्या. फांग-यूला पाहून त्यांनी हात पुढे केला.

“बस, पोरी. काही खाल्लंस का?”

“काकू, तुम्ही त्यांना गाडी कशी काय चालवू दिलीत?” तिच्या तोंडून निघून गेलं.

काकू रागावल्या नाहीत. “डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. हे म्हणाले, थांबायचं कधी? डॉक्टर म्हणाले, ते कोणी सांगू शकत नाही. मग यांचं सुरू झालं. म्हणे, डॉक्टरला येत नाही तर मी माझी टेस्ट लावतो. वारा सुटला की तो पुडा आणि ती कसली ती सही बदलायची असते ना? फोनमधली आठवण पुसून टाकली, भिंतीवरच्या कॅलेंडरवरची खूण खोडली. म्हणाले, मला आपलं आपण आठवलं तर मी ठीक. नाही आठवलं तर भातुकली लाल होईल, आणि त्या दिवशी गाडीची चावी आणि नोकरी दोन्ही सोडतो. तोपर्यंत मला कोणी शहाणपण शिकवायचं नाही.”

फांग-यू ऐकत राहिली. हात काकूंच्या हातात होता म्हणून, नाहीतर ती पळून गेली असती.

“त्या सकाळी ऑफिसला जाताना किती घाबरले होते सांगू! काही आठवत नाही, म्हणाले, बदलला का नाही काहीच आठवत नाही. आणि संध्याकाळी नाचत घरी. हिरवं आहे, म्हणाले, मीच बदलला, आ-यूने पाहिलं. तो मुलगा तिकडे कॅनडातून फोनवर ओरडत होता, चावी काढून घे, चावी काढून घे. मीच त्याला म्हटलं, गप रे, तुझ्या बापाचं मशीन तुझ्यापेक्षा शहाणं आहे.” काकूंनी डोळे मिटले. “मशीनसुद्धा चुकतं बघ.”

मशीन चुकलं नव्हतं. मशीन त्या सकाळी जिवाच्या आकांताने खरं सांगत होतं, आणि तिने त्याचं तोंड दाबलं होतं. फांग-यूला हे काकूंना सांगता आलं नाही. ती उठून बाहेर आली.

मास्तर बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मांडीवर काकूंचा एक बूट.

“आ-यू, हिचा दुसरा बूट कुठे गेला?”

“गाडीत असेल. मी आणते.” ती त्यांच्या शेजारी बसली. “मास्तर, तो पुडा तुम्ही बदलला नव्हता. मी बदलला.”

त्यांनी बूट मांडीवरच फिरवून नीट ठेवला. तिला वाटलं, त्यांना कळलं नाही.

“आणि सही?”

“सहीपण.”

“म्हणजे लाल झाली होती.”

“सगळी.”

“खेकडा-पर्सिमनसुद्धा?”

“तीसुद्धा.”

“का केलंस?”

“तुम्हाला घरी बसवतील म्हणून.” तिला हुंदका आवरेना. “तुमच्यासाठी केलं, मास्तर.”

“अगं, माझ्यासाठीच तर लावली होती मी ती.”

ते ओरडले नाहीत. इतकी वर्षं क्षुल्लक कारणावरून ओरडणारा माणूस आज ओरडला नाही, आणि तिला ते सोसवेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही क्षणभरच, आणि मग म्हणाले, “मला बघायचंय. लाल झालेली. जशी झाली होती तशी दाखव.”

टाके निघाल्यावर ती त्यांना ऑफिसात घेऊन आली. भातुकली एव्हाना नव्या मशीनवर कोणाच्याही हाताशिवाय चालत होती. फान साहेबांनी जुनं मशीन भंगारात द्यायला बांधून ठेवलं होतं. फांग-यूने ते सोडवलं, जोडलं. स्वतःची सही काढून टाकली, मुदत संपलेली मास्तरांची सही होती तिथे ठेवली. मास्तर समोर बसले. स्क्रिप्ट सुरू झाली. ऑम्लेट लाल. भात लाल. खेकडा लाल. एकेक ओळ ते बोट लावून वाचत गेले, अगदी खालपर्यंत.

“हां,” ते म्हणाले. “हे बरोबर आहे.”

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून मशीनवर ठेवलं, वरचा पुडा उचलून तिच्या हातात दिला. “हा नव्या मशीनवर ठेव. याला आता शहाण्यासारखं वागायची गरज नाही.” फान साहेब दारात उभे होते. ते नुसते कमरेत वाकले. मास्तर गेल्यावर फांग-यूने खणातून तारीख उलटलेला जुना पुडा काढला आणि जुन्या मशीनवर ठेवला. ते मशीन भंगारात गेलं नाही. फान साहेबांनी विचारलं, जागा अडवतंय, ठेवायचं कशाला? ती म्हणाली, “लागतं.”

लागतं ते रोज सकाळी, मास्तरांचा फोन येतो तेव्हा. फोन घरून येतो, मागे काकूंच्या काठीचा आवाज असतो.

“आ-यू, वारा सुटला गं. पुडा बदलायचा राहिलाय का माझा? भातुकली कशी आहे?”

ती उठून कोपऱ्यात जाते. उत्तर पाठ आहे, तरी स्क्रिप्ट चालवते, ओळी खाली उतरेपर्यंत थांबते. न बघता सांगायचं नाही, हे त्यांनीच शिकवलेलं.

“लाल आहे, मास्तर.”

“सगळी?”

“सगळी.”

“म्हणजे मी विसरलो.”

“हो.”

“मग आता ती गाडी...”

“नाही चालवायची.”

पलीकडे श्वास ऐकू येतो. मास्तरांना ही बातमी दर सकाळी पहिल्यांदाच कळते, आणि ती सांगणारी दर सकाळी तीच असते. मग ते “बरं” म्हणतात आणि फोन ठेवतात. त्या ‘बरं’ची तिला अजून सवय झालेली नाही.

वसंतातल्या एका सकाळी मात्र ते ‘बरं’ म्हणाले नाहीत. थोडं थांबून, आवाज अगदी खाली आणून, शाळेतल्या पोराने शेजारच्याची पाटी मागावी तसे म्हणाले, “आ-यू, तू बदलून टाक ना. तुला येतं. कोणाला कळतंय?”

फांग-यूने कपाळ मशीनला टेकवलं. मशीन गरम होतं.

“नाही, मास्तर.”

“एकदाच.”

“नाही. लाल आहे ती.”

पलीकडे काकूंच्या काठीचा आवाज जवळ आला आणि थांबला.

“शाबास,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन वाजला. ती उठली आणि कोपऱ्यात गेली.